तीन टोकांचा गळ

शिवणकामात आयुष्य गेलेल्या वहिनींना नणंदेने त्या दिवशी हट्टाने आपल्या होडीत बसवलं. धक्क्यावर पाटी होती : तळाचे मासे धरताना एका दोरीला दोनच गळ लावावेत. वहिनींच्या दोरीला वर एक साधा गळ होता आणि खाली शिशाचा चकचकीत मासा. त्याच्या शेपटीला तीन टोकांचा गळ.

"वन्सं, हे तर चार झाले!"

"दोनच. विजारीला पाय दोन, म्हणून विजारी दोन होतात का?"

वहिनींना पटलं. पण दोरी तळाला टेकेपर्यंत पुन्हा शंकेने डोकं वर काढलं. नणंदेची पाठ वळताच त्यांनी दोरी ओढून घेतली आणि पक्कडीने दोन टोकं छाटून टाकली.

तेवढ्यात गस्तीची होडी जवळ आली. अधिकाऱ्याने गळ निरखला. "मावशी, हा कुणी तोडला?"

"मीच. नियमात बसावा म्हणून."

"अहो, तीन टोकांचा गळ एकच धरतात."

"आणि आता?"

"आताही एकच."

"म्हणजे तोडला तरी एक, नाही तोडला तरी एक?"

अधिकारी मान हलवून निघून गेला. नणंद पोट धरून हसत होती. वहिनींनी गोंधळलेल्या मनानेच दोरी सोडली, तोच हिसका बसला. मासा वरच्या साध्या गळाला लागला होता.

"मग खाली एवढं लटांबर कशाला?"

"अहो, त्याची चमक बघूनच तो आला ना!"

वहिनींच्या डोक्यात काही केल्या प्रकाश पडेना. पण "उद्या याल?" म्हटल्यावर त्या पटकन हो म्हणाल्या.