रंगवायला दिलेली ट्रंक

शोकसभेत आमच्या ह्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "वेळ आली तर धाकटाही देईन." टाळ्या पडल्या. मोठ्याचं तेरावंही झालं नव्हतं. सीमेवर लढाई पेटली, चौकीवर तोफगोळा पडला आणि चोवीस वर्षांचं माझं पोर तिरंग्यात गुंडाळून कर्वेनगरला आलं. आणि हे भर सभेत दुसरा देऊन मोकळे! नऊ महिने पोटात मी वागवलं, देणारे हे कोण? पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या बाईंनी एकेकाळी सोसायटीत लेखी तक्रार केली होती, मोठा पहाटे पळायला जाताना जिन्यात बुटांचा आवाज करतो म्हणून. आता त्यांची झोपमोड होणार नव्हती.

त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले. चहा ठेवलाय, गॅस संपलाय, बस्स.

सैन्याचं खूळ ह्या घरात पिढीजात. सासरे हवालदार, हे सुभेदार, आणि सगळ्यांना पुरून उरलेली एक काळी लोखंडी ट्रंक. जो भरती होईल त्याच्याबरोबर ती जायची. जाण्याआधी तिच्यावरचं पांढऱ्या रंगातलं नाव खरवडून नव्या माणसाचं घालायचं. आडनाव मात्र सासऱ्यांच्या वेळचंच. त्याला कुणी कधी हात लावला नाही. मोठ्याचं सामान ह्याच ट्रंकेतून परत आलं. मी त्याचे कपडे काढून घेतले आणि ती माळ्यावर टाकली.

दिवाळीनंतर धाकट्याचं भरतीचं पत्र आलं. त्यानं परीक्षा दिल्याचंसुद्धा मला माहीत नव्हतं. ह्यांनीच भरीस घातलं असणार, दुसरं कोण! दोन दिवसांनी पाहते तर माळा रिकामा.

"अहो, ट्रंक कुठाय?"

"कसब्यात. पेंटरकडे दिलीय, नाव घालायला."

"एकानं पोट भरलं नाही का तुमचं?"

ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

ट्रंक उचलायची आणि थेट भंगारात घालायची असं ठरवून मी रिक्षा केली. कसबा पेठेतलं ते दुकान म्हणजे पाट्या आणि रंगाचे डबे, माणसाला उभं राहायला जागा नाही. ट्रंक कोपऱ्यात होती. मोठ्याचं नाव जसंच्या तसं.

"ही रंगवायची नाही," मी म्हणाले. "साहेबांनी काहीही सांगितलेलं असो."

"साहेबांनी तेच सांगितलंय, बाई," पेंटर म्हणाला. "ट्रंक तुमच्या मुलानं आणली, स्कूटरवर. शनिवारी निघायचंय, त्याआधी द्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी साहेब आले. म्हणाले, हात लावू नका, मुलाला सांगा रंग वाळत नाही. मी म्हटलं, साहेब, हा दोन तासांत वाळतो. तर हात जोडले हो त्यांनी!"

ह्यांना हात जोडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मोठा आला तेव्हासुद्धा कडक सॅल्यूट ठोकून उभे होते.

माइकवरचं बोलणं पोरानं हुकूम म्हणून घेतलं होतं, आणि तो मागे घ्यायला ह्यांची जीभ रेटत नव्हती. ट्रंकेशिवाय ह्या घरातून कुणी गेलेलं नाही, तेवढ्यावरच भिस्त. माझा राग उतरला नाही, उलट चढला. चारशे माणसांसमोर तोंड उघडतं, पोटच्या पोरासमोर उघडत नाही! मी ट्रंक तिथेच ठेवून परत आले.

जेवताना धाकट्यानं विचारलं, "बाबा, ट्रंक कधी मिळणार?"

"रंग वाळत नाही म्हणतो," हे ताटाकडे बघत म्हणाले.

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. ओठ फुटेपर्यंत कोरडी थंडी पडली होती.

"हवा दमट आहे," मी म्हणाले.

कितीतरी महिन्यांनी ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मग राहू दे," धाकटा म्हणाला. "सॅक नेतो. तिकडे नवी ट्रंक मिळते."

शनिवारी तो गेला. स्टेशनवर ह्यांनी सॅल्यूट केला नाही, नुसते उभे राहिले. ट्रंक अजून कसब्यातच आहे, मोठ्याच्या नावासकट. जागा अडते म्हणून पेंटरचा अधूनमधून फोन येतो. हे उचलत नाहीत. मीही उचलत नाही.