व्हर्नाबाई आणि नववी वाहिनी

व्हर्नाबाई टॉलेफसन विमानात बसल्या की प्रथम पट्टा आवळीत, मग पर्समधून वही आणि पेन्सिल काढून मांडीवर ठेवीत, आणि त्यानंतर कानांवर हेडफोन चढवून आसनाच्या हातावरील चकती नवव्या आकड्यावर नेत. पहिल्या आठ वाहिन्यांवर गाणी असत. नवव्या वाहिनीवर वैमानिकांचे जमिनीवरील नियंत्रकांशी चाललेले बोलणे ऐकू येई. ती उघडी ठेवायची की नाही, हे सर्वस्वी कॅप्टनच्या मर्जीवर असे. बंद आढळली, तर व्हर्नाबाई कागदी रुमालावर सुवाच्य अक्षरांत विनंती लिहून हवाई सेविकेच्या हाती पुढे पाठवीत. बहुतेक कॅप्टन ती मानीत.

बाईंचे वय एकसष्ट. आयोवातील एका लहान गावात, शाळेच्या बसगाड्यांच्या कचेरीत त्यांनी सत्तावीस वर्षे रेडिओ सांभाळला होता. सोळा गाड्या, सोळा चालक आणि मक्याच्या शेतांतून जाणारे कच्चे रस्ते, हे त्यांचे जग. दिलेली सूचना चालकाने परत म्हणून दाखवल्याशिवाय त्या पुढचे वाक्य बोलत नसत. "व्हर्ना, लग्नातसुद्धा पाद्रीबुवाला शपथ परत म्हणायला लावलीस म्हणे," असे चालक त्यांना चिडवीत. "लावली. म्हणून तर टिकलं," असे त्या उत्तर देत.

मुलगी सोल्वेग डेन्व्हरला परिचारिका होती. नवरा सोडून गेला, पदरी दोन जुळी मुले. मोटारीने तो प्रवास अकरा तासांचा, आणि दृष्टी अधू झाल्यावर व्हर्नाबाईंनी वाहन चालवण्याचा परवाना स्वतः होऊन परत केला होता. आता उरला तो विमानाचा मार्ग. ज्या दिवशी विमानात पाऊल ठेवण्याचे धैर्य संपेल, त्या दिवशी नातवंडे केवळ छायाचित्रांत उरतील, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भीती तर पहिल्या प्रवासापासूनच होती. जमीन सुटली की हातापायांतील बळच जाई. नवव्या वाहिनीमुळे ती सोसता येई इतकेच. कोणीतरी विचारते आहे, कोणीतरी उत्तर देते आहे, एवढे कानांवर पडत राहिले की त्यांचा श्वास चालू राही.

चौऱ्याण्णव सालच्या जुलैमधील ती दुपार. विमानाचा क्रमांक चारशे एकसष्ट. कॅप्टन रडिक यांनी सुरुवातीला ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांचे स्वागत केले. आवाज घोगरा, बोलणे संथ, प्रत्येक वाक्याच्या शेवटी लहानसा खोकला. वाहिनी त्यांनी आपण होऊनच उघडली होती. शेजारच्या आसनावर बियाणे विकणारे ड्वेन प्रॅल नावाचे स्थूल गृहस्थ होते. व्हर्नाबाई प्रत्येक सूचना वहीत टिपून घेत आहेत, हे पाहून त्यांना राहवले नाही.

"काय बाई, परीक्षा आहे का उद्या?"

"सवय आहे."

"कोण गातंय एवढं छान?"

"आपल्याला तेवीस हजार फुटांवर यायला सांगितलंय. पुढे वादळ आहे, सगळी विमानं वळसा घेतायत."

"अहो, हे कशाला सांगितलंत! मी मजेत शेंगदाणे खात होतो."

डेन्व्हरच्या पूर्वेला ढगांचे काळे डोंगर उभे राहिले होते. नियंत्रकाचा आवाज घाईचा झाला. एकाला उजवीकडे वळवले, दुसऱ्याला घिरट्या घालायला लावले, तिसऱ्याला खाली घेतले. विमान हादरू लागले. तरी व्हर्नाबाईंची पेन्सिल कागदावर चालत होती.

आणि मग नियंत्रकाचे वाक्य मध्येच तुटले. त्याच्या जागी एकसारखी खरखर येऊ लागली.

तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात, हिमवादळात, बारा क्रमांकाच्या गाडीचा चालक एल्मर याने माईक आसनावर टाकला आणि त्यावर त्याचा जेवणाचा डबा कलंडला. बटण दाबलेलेच राहिले. रेडिओच्या एका लहरीवर एका वेळी एकालाच बोलता येते. एल्मरचे बटण दाबलेले, म्हणून बाकी पंधरा जण मुके. अकरा मिनिटे व्हर्नाबाईंनी केवळ एल्मरचे गुणगुणणे ऐकले. त्याच अकरा मिनिटांत सात क्रमांकाची गाडी चौदा मुलांसह खड्ड्यात कलंडून मदत मागत होती, आणि तिची हाक कोणापर्यंतही पोहोचत नव्हती. एल्मरला रेडिओवरून सांगणे शक्यच नव्हते. अखेर बाईंनी त्याच्या वाटेवरील एका शेतकऱ्याच्या घरी टेलिफोन केला, आणि त्याची गाडी थांबवायला त्या घरची बाई लाल रजई घेऊन बर्फात रस्त्यावर उभी राहिली. मुले वाचली. एका मुलीच्या पायाची दोन बोटे मात्र थंडीने गेली.

आताही कोणाचे तरी बटण अडकले होते. वादळाभोवती घिरट्या घालणारी दहाबारा विमाने एकाएकी बहिरी झाली होती. कोणाचे? व्हर्नाबाईंनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. खरखरीमागून दोन माणसांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

"...गॅरेजचं छप्पर अर्धं उघडं पडलंय, आणि मेव्हण्यानं शिडी नेली ती नेलीच."

"मागून घ्या की."

"मागितली. म्हणाला, कुठली शिडी?" आणि लहानसा खोकला.

स्वागताच्या वेळी ध्वनिक्षेपकावर व्हर्नाबाईंनी असाच खोकला ऐकला होता. छे, खोकला काय, कोणालाही येतो. इतक्यात पट्टे बांधण्याच्या सूचनेची घंटा 'टिंग' अशी वाजली. ती डोक्यावर वाजली आणि त्याच क्षणी कानांतही वाजली.

म्हणजे बटण याच विमानाचे होते. पुढे बसलेल्या दोघांना वाटत असणार, रेडिओ शांत आहे, बरे झाले. त्यांना कोणीही काहीही सांगू शकत नव्हते; आणि त्यांच्यामुळे इतर कोणालाही सांगता येत नव्हते. हे जाणणारे माणूस सबंध विमानात एकच होते, आणि त्या माणसाला पट्टा सोडण्याइतकीही शक्ती उरली नव्हती. खिडकीबाहेर केवळ राखाडी ढग. त्यात कोण कोठे आहे, हे देवच जाणे.

त्यांनी हाक मारण्याचे बटण दाबले. रोशेल नावाची सेविका आसनांना धरत धरत आली.

"मॅडम, आता काहीच देता येणार नाही. पट्टा बांधून बसा बघू."

"मला काही नको. कॅप्टनना सांगा, त्यांच्या माईकचं बटण अडकलंय."

"काय अडकलंय?"

"माईकचं बटण. त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातंय आणि त्यांना कोणाचंच येत नाहीये."

रोशेल समजूतदारपणे हसली. घाबरट प्रवासी तिने पुष्कळ पाहिले होते. "मॅडम, त्यांना त्यांचं काम करू द्या ना. दोघं फार अनुभवी आहेत."

"आता विमानही तुम्हीच चालवणार का, बाई?" प्रॅल म्हणाले; पण त्यांचाही आवाज विनोदाला साथ देत नव्हता.

सत्तावीस वर्षे ज्या आवाजाने व्हर्नाबाईंनी चालकांना जरब बसवली, तो आज लागेना. तरी त्यांनी एकेक शब्द सुटा करून म्हटले, "त्यांच्या मेव्हण्यानं शिडी परत केली नाही. गॅरेजचं छप्पर उघडं आहे. हे मला कोणी सांगितलं, विचारा त्यांना. खोटं निघालं तर उतरल्यावर मला पोलिसांच्या ताब्यात द्या."

प्रॅल यांनी समोरच्या कप्प्यातील आपले हेडफोन काढले, कानांना लावले आणि चकती नवावर नेली. शेंगदाण्यांची पुडी त्यांच्या मांडीवरून खाली घसरली.

"अगं पोरी," ते रोशेलला म्हणाले, "आता ते शिडीची किंमत सांगतायत. जा. पळ!"

रोशेल गेली. पुढच्या भिंतीवरचा फोन तिने उचलला. व्हर्नाबाई मनात आकडे मोजीत होत्या. बारा. तेरा. कानांत गप्पा थांबल्या, कोणीतरी "अरे देवा" म्हणाले, काहीतरी खडखडले, आणि खरखर नाहीशी झाली.

तिच्या मागोमाग बांध फुटावा तसे आवाज घुसले. पाचसहा वैमानिक एकदम बोलत होते. त्या सर्वांना दाबून टाकीत नियंत्रक ओरडला, "सगळे गप्प! चारशे एकसष्ट, ऐकू येतंय? ताबडतोब डावीकडे वळा, दिशा दोनशे दहा अंश, ताबडतोब!"

"डावीकडे, दोनशे दहा, चारशे एकसष्ट," कॅप्टन रडिक म्हणाले. त्या आवाजात आता संथपणा नव्हता.

विमान असे कलले की प्रॅल यांचा सारा भार व्हर्नाबाईंवर आला. मागे कोणीतरी किंचाळले. नियंत्रकाने दुसऱ्या एका विमानाला त्वरेने वर चढण्यास सांगितले. ते किती जवळ होते, हे बाईंना कधीच कळले नाही.

आणि तेवढ्यात टक् असा आवाज होऊन हेडफोन मुके झाले.

कॅप्टनने नववी वाहिनी बंद केली होती. त्यानंतरची बावीस मिनिटे व्हर्नाबाईंच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ मिनिटे ठरली. विमान डोलत होते, इंजिनांचा आवाज चढत होता, उतरत होता, आणि विचारणारा-सांगणारा कोणीही नव्हता. मुके हेडफोन त्यांनी कानांवरून काढले नाहीत. प्रॅल यांनी पुढे केलेला हात मात्र त्यांनी इतका आवळून धरला की त्या गृहस्थांच्या मनगटावर नखे उमटली. चाके जमिनीला लागली तेव्हा प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना त्या वाजवता आल्या नाहीत.

दाराशी कॅप्टन रडिक टोपी हातात धरून उभे होते. रोशेलने खुणेनेच बाईंकडे बोट दाखवले.

"माईक खाचेत नीट बसला नव्हता, आणि वर नकाशांची वही ठेवली गेली," ते म्हणाले. "चूक माझी. तसं लिहून देणार आहे मी. आणि मॅडम, वाहिनी बंद केली ती लाज वाटली म्हणून. दुसरं काही नव्हतं."

"लाज वाटली तरी चालू ठेवायची," व्हर्नाबाई म्हणाल्या. "ती बंद पडली की मागं बसलेल्याला वाटतं, पुढं कोणी उरलंच नाही."

कॅप्टनांनी मान खाली घातली. "परत कधी निघणार?"

"मंगळवारी."

"मंगळवारी मी नाही. जो असेल त्याला सांगून ठेवतो."

"काय सांगणार?"

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "जे झालं ते."

सोल्वेगने आईचा चेहरा पाहून तिच्या हातातली पर्स आपल्याकडे घेतली. जुळ्यांना मात्र आजीने भेटताक्षणीच इतके घट्ट का धरले, हे कळेना.

मंगळवारी व्हर्नाबाई वेळेच्या दोन तास आधी विमानतळावर पोहोचल्या, आणि विमानाचे दार उघडल्यावर जागच्या हलल्या नाहीत. सगळे प्रवासी आत गेले. त्यांच्या नावाचा पुकारा झाला, पुन्हा झाला. "आई, तुला मोटारीनं सोडू का?" सोल्वेगने विचारले. तिसऱ्या पुकाऱ्याला बाई उठल्या, पर्स छातीशी धरून आत गेल्या, पट्टा आवळला, आणि चकती फिरवली. वाहिनी उघडी होती.

भीती काही गेली नाही, उलट वाढलीच. त्या भीतीसकट व्हर्नाबाई पुढील सहा वर्षे, वर्षातून तीन वेळा, त्या वाटेने जात-येत राहिल्या.