वस्तऱ्याखालची झोप

सुरेशच्या केशकर्तनालयात मी नंबर लावून बसलो होतो. खुर्चीत गावातले निवृत्त मास्तर, अण्णा. गालभर फेस आणि हनुवटीवर एक जुना व्रण. तो सुरेशच्याच हातचा. तेव्हा सुरेश प्यायचा. सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय त्याचा हात स्थिर होत नसे, आणि गेली की नजर स्थिर राहत नसे. लोक केस कापून घ्यायचे, पण दाढीचं विचारलं की म्हणायचे, "घरीच करतो." आता त्याची दारू सुटली होती.

दारू तब्येत खाते, संसार खाते, हे सगळेच सांगतात. त्याआधी ती लोकांचा विश्वास खाते, हे मी या दुकानात पाहिलं. आणि तो विश्वास परत यायला नुसतं व्यसन सुटून भागत नाही. कुणाला तरी आपला गळा पुन्हा त्याच हातात द्यावा लागतो.

"अण्णा, जरा मान वळवा," सुरेश म्हणाला. अण्णा हलेनात. वस्तरा हवेतच थांबला. तेवढ्यात खुर्चीतून खणखणीत घोरणं ऐकू आलं.

आम्ही सगळे खो खो हसलो. सुरेशने रेडिओ बारीक केला. "हळू हसा, झोप लागलीय त्यांना," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात काय तो रुबाब!

शाल-श्रीफळाचे सत्कार मी पुष्कळ पाहिलेत. घोरत केलेला हा पहिलाच.