तिकिटाचे पैसे

समोरच्या फ्लॅटमधले सर प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात. सदाशिव पेठेत वर्षानुवर्षं गणिताचे क्लास घेऊन लागलेली सवय. "आपलं दूध उतू जातंय. उतू जातंय दूध," असं माझ्या दारात उभं राहून सांगतील, पण गॅस बंद करायला आत येणार नाहीत. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा नियम.

मध्यंतरी ते परदेशातल्या एका शाळेत शिकवायला गेले. विमानाचं तिकीट शाळेनंच काढून दिलं होतं. मुदतीआधी नोकरी सोडली, तर ते पैसे परत करायचे, अशी अट. त्यांच्या आई इथेच राहिल्या. त्या आजारी पडल्या तेव्हा मला म्हणाल्या, "त्याला कळवू नकोस गं. नोकरी सोडून येईल नि तिकिटाचे पैसे अंगावर येतील." शेवटी न राहवून मीच फोन केला. सर पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

ते परत गेले नाहीत. शाळेनं आधी पैसे मागितले. मग कारण कळल्यावर म्हणाली, आईच्या मृत्यूचा दाखला पाठवा, माफ करतो. तेव्हापासून वाद उलटा चाललाय. शाळा म्हणते नको, सर म्हणतात घ्या.

"अहो सर, टाका की पाठवून दाखला," मी म्हटलं.

"ह्या पैशांपायी आईनं मला बोलावलं नाही. ते माफ करून घेतले, तर ती उगाचच माझ्यावाचून गेली, असं होईल."

हे मात्र ते एकदाच बोलले.