पेंटरआत्या आणि रिकामे चौकोन

आमच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या पेंटरआत्याच्या हातच्या. नवरा गेल्यावर त्याचे ब्रश तिने उचलले, ते आजतागायत खाली ठेवले नाहीत. अक्षर संपलं की वेल, वेल संपली की फूल. कोरी जागा सोडणं म्हणजे तिच्या लेखी कामचुकारपणा.

बसस्थानकाचं वेळापत्रकही तिनेच रंगवलेलं, पण वेलीफुलांच्या गर्दीत ते कुणाला वाचता येईना. स्थानकप्रमुख म्हणाले, "बाई, सोमवारी नवा नमुना दाखवा. लोकांना कळला तर काम तुमचं, नाहीतर शहरातून छापून आणतो." ही पाटी गेली की मागोमाग बाकीच्याही जाणार, हे आत्याला ठाऊक होतं.

तिने भाचीला गाठलं. "तुझ्या मोबाईलवर रेघा आखायला शिकवतात का गं?"

"आत्या, त्यात उंटालाही नाचायला शिकवतात!"

उभ्याआडव्या रेघांची जाळी आखून मजकूर मांडायचा, त्याला ग्रिड म्हणतात. त्याचे फुकट धडे सापडले. शिकवणाऱ्याची भाषा परकी; आत्या आवाज बंद करून नुसते त्याचे हात बघे. एका साइटवर बोट लावलं की पानावरचे रकाने कमीजास्त होत. त्या नादात शेगडीवरचा चहा रोज उतू जाई.

मग खडूची दोरी ताणून तिने पत्र्यावर जाळी उमटवली. गावं डावीकडे, वेळा उजवीकडे. आणि रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक चौकोनात एकेक गुलाब!

भाचीने कपाळाला हात लावला. "ही गुलाबाची बस किती वाजता सुटते?"

"मग उघडं ठेवू? लोक म्हणतील, बाई दमली."

रागारागाने तिने धडा पुन्हा लावला. शिकवणारा कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून थांबला. तो पुढे त्यात काहीतरी भरणार, असं आत्या इतके दिवस धरून चालली होती. तो तसाच पुढे गेला.

"भरतच नाही की हा मेला!"

तिने पांढरा रंग कालवला, ओठ घट्ट मिटले आणि एकेक गुलाब बुजवला.

सोमवारी पाटी लागली. गाठोडंवाली एक बाई आली, गावावरून वेळेपर्यंत नजर नेली आणि कुणाला न विचारता बसकडे चालू लागली. तिच्यामागून दुसरी. चौकशीच्या खिडकीतला माणूस ओरडला, "आत्याबाई, माझ्या पोटावर पाय देता की काय!"

"काम तुमचं," स्थानकप्रमुख म्हणाले.

तेवढ्यात एक आजोबा पाटीला नाक लावून डोळे बारीक करू लागले. आत्याने भाचीचा दंड धरला.

"मोबाईल काढ. लांबून दिसायला अक्षर केवढं हवं, त्याचा धडा शोध."