घरचं कुलूप
सकाळपासून हाताला पितळेचा वास येतोय आणि काशीमिऱ्याच्या हॉटेलातली ती खोली डोळ्यांपुढून हलत नाही. मी आठ वर्षांची होते. रत्नागिरीहून काका-काकूंसोबत आम्ही मुंबई बघायला आलो होतो, आणि शहरातली हॉटेलं परवडेनात म्हणून बाबांनी हायवेवरचं स्वस्तातलं निवडलं. आईचा त्या हॉटेलवर भरवसा नव्हता. फिरायला निघताना तिनं दाराला घरून आणलेलं पितळी कुलूप लावलं. रिक्षा दोन होत्या. प्रत्येकाला वाटलं मी दुसऱ्या रिक्षात आहे, आणि मी बाथरूममध्ये होते. बाहेर आले तर खोली रिकामी. दार ओढलं, हलेना. ट्रक गेला की काचा थरथरायच्या, माझा आवाज त्यात बुडायचा. शेवटी मॅनेजर दाराशी आला. "चाबी हमारे पास नहीं है बेटा, ताला तुम्हारा है." त्याची पावलं लांब गेली. मी दोन्ही मुठींनी दार बडवत राहिले. आईनं कुलूप उघडलं तेव्हा ती माझ्याहून जास्त कापत होती. आता म्हातारपणी आई सगळं विसरते, एकटीच रस्त्यावर निघून जाते. शेजारीण म्हणाली, "कामावर जाताना बाहेरून कुलूप लावत जा ना." आज तेच कुलूप लावलं. अर्धा जिना उतरले नाही, तोच आतून दार वाजायला लागलं.