कायमची दुसरी पाळी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर मोटारींना दारं बसवली. खंडाळ्याजवळ महामार्गालगत गाड्यांचा कारखाना आहे. तिथं हे मिसरूड फुटायच्या वयात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. स्वतःची मोटार कधी घेतली नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. घरात मात्र कुणी कपाटाचं दार आदळलं की जेवणावरून उठून बिजागरी बघायचे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या पेठेत हमाल, आई तिथल्याच एका गोदामात हळद निवडायला जायची. बारावी झाले आणि लग्न होऊन खंडाळ्याकडच्या खेड्यात आले. सासरे पलटणीतून पेन्शन घेऊन परतलेले, शेत सगळं सासूबाईंच्या हातात. मला नर्स व्हायचं होतं, हे मी लग्न ठरतानाच सांगितलं होतं. पण मुलगी झाली आणि ते मागं पडलं.

ती दोन वर्षांची असताना सांगलीच्या नर्सिंग शाळेत प्रवेश सुरू झाल्याचं भावानं कळवलं. जेवताना मी ते सहज बोलून गेले. किती वर्षांचं शिक्षण, एवढंच ह्यांनी विचारलं. तीन, म्हटलं. पोरीला सांगलीला न्यायचं तर तिथं आई दिवसभर गोदामात, इथं ठेवायचं तर सासूबाई सकाळभर शेतात, बघायला कुणी नाही. म्हणजे विषय संपला, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन ह्यांनी साहेबाला सांगितलं, मला कायमची दुसरी पाळी द्या. बाकी सगळ्यांच्या पाळ्या आठवड्याला फिरायच्या. दुसरी कुणालाच नको असते, कारण दुपारी जायचं आणि घरी यायचं ते सगळी निजल्यावर. मागून घेणारा भेटला म्हटल्यावर साहेबानं लगेच दिली. घरी येऊन मला म्हणाले, "सकाळी मी हाय, दुपारनंतर आई हाय. तू अर्ज भर."

सासऱ्यांना ते पटलं नाही. बायको शिकायला आणि गडी पोरीचं न्हाणंधुणं करायला, गावात तोंड कसं दाखवायचं, असं ते दोन दिवस बोलत राहिले. सासूबाई एरवी त्यांच्यापुढं बोलत नसत. त्या दिवशी चुलीपुढूनच म्हणाल्या, "तुमी पलटणीत हुता तवा चार पोरं मी एकलीनं वाढवली. तवा गावानं काय इचारलं न्हाई. आता माझ्या लेकानं एक वाढवली तर काय बिघाडतंय?" सासरे उठून बाहेर गेले. पण मी सांगलीला निघाले तेव्हा त्यांनीच मला एसटीत बसवून दिलं.

ह्यांचं सकाळचं घर मी पाहिलं नाही, सासूबाईंकडून ऐकलं. पोरीला न्हाऊ घालायचं, दोन शेंड्या घालायच्या, सायकलवर पुढं बसवून अंगणवाडीत सोडायचं. पहिल्या शेंड्या इतक्या वाकड्या यायच्या की अंगणवाडीच्या बाई त्या सोडून परत घालायच्या. मग हे शेजारच्या वहिनींकडं बसून शिकून आले. कामावरची माणसं 'आली बाळंतीण' म्हणून चिडवायची, तर हे त्यांनाच विचारायचे, पोरीला खोकला झालाय, तुमच्यात काय देतात?

सुट्टीला पोरीला घेऊन सांगलीला यायचे. आम्ही कृष्णेच्या घाटावर बसायचो, पोरगी भडंग खायची. दुसऱ्या वर्षी एका भेटीत ती माझ्याकडं आलीच नाही. मी हात पुढं केले तसा तिनं ह्यांच्या सदऱ्यात तोंड लपवलं. मी घाटावरच रडले. म्हटलं, बास झालं, मी येते घरी.

हे म्हणाले, "आता माघारी आलीस तर तुझं वरीस वाया, माझं वाया, हिचं बी वाया. तिला आई कुठं ग्येली ते रोज सांगतुय मी. तू शिकून ये." आणि पोरीला माझ्या मांडीवर ठेवून स्वतः पायऱ्या चढून वर गेले, लांब जाऊन उभे राहिले. ती रडली, मग राहिली. मी शिक्षण सोडलं नाही.

तिसऱ्या वर्षी ह्यांना दारांच्या विभागात सुपरवायझरपद देऊ केलं होतं. पण त्याला दिवसपाळी हवी होती, म्हणून नाही म्हणाले. हे मला परीक्षा झाल्यावर कळलं, तेही भाजी निवडताना, पाऊसपाण्याचं बोलावं तसं सांगितलं. मी चिडले. आवं, मला विचारायचं तरी, म्हटलं.

"इचारलं असतं तर तू परत आली असतीस," म्हणाले, आणि मेथीची जुडी पुढं ओढली.

मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. माझ्या ड्युट्या बदलत्या, म्हणून ह्यांची दुसरी पाळी तशीच राहिली. पुढं मुलगा झाला, त्याचीही सकाळ ह्यांच्याच हातची. नंतर कारखान्यात यंत्रमानव आले, तेव्हा नव्या पोरांना शिकवायला ह्यांना घेतलं. मान मिळाला तो असा उशिरा, आणि ह्यांनी ते काम अगदी मजेत केलं. निवृत्तीनंतर मुलीचं बाळ सांभाळायला पुण्याला गेले, तर जावयाला शेंड्या घालायला शिकवून आले.

शेवटचं दुखणं पोटाचं निघालं. सांगलीला उपचार केले, मी रजा टाकून जवळ राहिले. रोज म्हणायचे, तू ड्युटीवर जा, इथं सिस्टर हायत की. मीही सिस्टरच आहे, म्हणायचे मी. त्यावर हसायचे. एका सकाळी चहाचे दोन घोट घेतले आणि शांतपणे गेले.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मी युनिफॉर्मची साडी काढून पलंगावर ठेवली आणि तशीच बसून राहिले. इतक्यात कामावर गेले तर लोक काय म्हणतील, असं मनात होतं. सासूबाईंना आता नीट चालवत नाही, तरी भिंत धरत आत आल्या. म्हणाल्या, "माझ्या लेकानं तुला घरी बसाय शिकीवलं व्हय? ऊठ."

मी साडी नेसले आणि निघाले. त्या दिवशी वॉर्डात दोन बाळंतपणं होती, आणि हाताशी मदतीला फक्त एक नवी मुलगी.